मक्याची धाटे शेतातच ठेवायची, तर नत्राचा हिशोब कसा बसवावा

ऑक्टोबरात सिल्लोड, कन्नड, येवला, मालेगाव, चाळीसगाव या पट्ट्यातील मक्याची कणसे खुडून होतात, मळणी यंत्र शेतातून बाहेर पडते आणि उभ्या वाळलेल्या धाटांचे काय करायचे, हा प्रश्न उरतो. रब्बीची घाई असते, कांद्याची रोपे लागवडीला आलेली असतात, हरभऱ्यासाठीची ओल दिवसागणिक उडून जात असते; त्यामुळे बरेच जण धाटे उपटून बांधावर ढीग घालतात किंवा संध्याकाळी काडी लावून मोकळे होतात. ज्यांना ती धाटे निदान काही प्रमाणात जमिनीला परत द्यायची आहेत, पण तसे केल्यावर पुढचे पीक पिवळे पडते असा अनुभव ज्यांना आला आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. पीक पिवळे पडते हे खरे आहे. धाटे शेतात ठेवली आणि खताचे वेळापत्रक मात्र जुनेच ठेवले, म्हणून तसे होते. धाट, नांगरट आणि नत्र (नायट्रोजन) यांचा हिशोब एकत्र मांडावा लागतो; त्यांतील एक आकडा बदलला की उरलेले दोन बदलावेच लागतात.

आधी धाटात काय असते ते पाहू. मक्याच्या पिकात दाण्याच्या वजनाइतकी किंवा त्याहून थोडी अधिक वाळलेली धाटे आणि पाने निघतात. एकरी २५ क्विंटल दाणे झाले असतील, तर शेतात २५ ते ३० क्विंटल काडीकचरा आहे असे धरावे. वाळलेल्या धाटात नत्र साधारण ०.६ ते ०.८ टक्के असते, म्हणजे एका एकराच्या धाटात १५ ते २० किलो नत्र असते. पालाश (पोटॅश) त्याहून जास्त, ३० किलो किंवा अधिक असते, कारण मका जमिनीतून उचललेल्या पालाशाचा मोठा भाग दाण्यात न नेता धाटातच ठेवतो. तीस किलो पालाश म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅशची एक अख्खी गोणी. काडी लावली की धाटातले बहुतेक नत्र आणि बरेचसे गंधक धुराबरोबर निघून जाते. पालाश राखेत राहते खरे, पण ती राख पहिल्या वाऱ्यावर नाहीतर पहिल्या वळवात बांधाबाहेर जाते. सगळ्यांत मोठे नुकसान कर्बाचे (कार्बनचे) होते. आपल्याकडील बहुतेक शेतांचा सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली आहे, आणि एकरी टनभराहून अधिक कर्ब आपण एका संध्याकाळी हवेत सोडून देतो.

पीक पिवळे का पडते

मक्याच्या धाटात कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण ६० ला १ असते. धाट कुजवणाऱ्या जिवाणूंच्या स्वतःच्या शरीरात हे प्रमाण ८ ला १ च्या आसपास असते. खाल्लेल्या कर्बातील मोठा भाग ते श्वसनात बाहेर टाकतात, म्हणून त्यांना २४ ला १ या प्रमाणाचे अन्न मिळाले की ते पुरेसे होते. आता एका टनाचा हिशोब मांडू. एक टन कोरड्या धाटात ४५० किलोच्या आसपास कर्ब असतो. त्याला २४ ने भागले, तर जवळपास १९ किलो नत्र लागते. धाटात स्वतःचे ७ ते ८ किलो असते. उरलेले ११ ते १२ किलो नत्र जिवाणू जमिनीतून उचलतात, म्हणजेच आपण पिकासाठी टाकलेल्या युरियातून उचलतात. हे नत्र नष्ट होत नाही, ते जिवाणूंच्या शरीरात अडकून पडते आणि ते मेले की पुन्हा मोकळे होते. पण मक्याला ते चौथ्या आठवड्यात हवे असते आणि मोकळे होईपर्यंत कणीस भरत आलेले असते.

हा तुटवडा किती तीव्र होईल, हे धाट कुठे आहे यावर ठरते, आणि नांगरटीचा संबंध इथेच येतो. धाटे बारीक करून ओल्या, उबदार मातीत रोटाव्हेटरने मिसळली, तर सगळे तुकडे एकाच वेळी मातीच्या संपर्कात येतात, जिवाणूंची भूक एकदम उसळते आणि पुढचे ४ ते ८ आठवडे पिकाला नत्र मिळणे अवघड होते. तीच धाटे पृष्ठभागावर पसरून ठेवली, तर फक्त खालचा थर मातीला टेकतो, कुजणे संथ चालते आणि नत्राची मागणी महिनोन्‌महिने थोडी थोडी पसरते. म्हणून 'धाटे गाडली की लवकर खत होते' हे अर्धेच सत्य आहे. गाडायचीच असतील, तर पुढच्या पेरणीआधी किमान सहा आठवडे आणि जमिनीत ओल असताना गाडावीत. पेरणीच्या तोंडावर गाडणे ही या सगळ्या प्रकारातील सर्वांत महाग चूक आहे.

ऊसकरी शेतकऱ्यांना हा हिशोब परिचयाचा आहे. पाचट (उसाची वाळलेली पाने) शेतात कुजवताना दर टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक अशी शिफारस आपल्याकडे रूढ आहे. मक्याची धाटे मातीत मिसळताना तोच नमुना वापरता येतो. पृष्ठभागावर ठेवलेल्या धाटांवर मात्र युरिया फेकू नये; त्याचे कारण पुढे येईल.

जनावरांचा वाटा

दावणीला जनावरे आहेत त्या घरात सगळी धाटे शेतात ठेवा असे सांगणे हा अव्यवहारी सल्ला आहे, आणि तो मी देणार नाही. मक्याचा वाळला चारा ज्वारीच्या कडब्याइतका चांगला नसला तरी कुट्टी करून जनावरे खातात, आणि दुष्काळी वर्षात तोच आधार असतो. माझ्या मते व्यवहारी मार्ग असा आहे की, कापणी जमिनीलगत न करता एक ते दीड फूट उंचीवरून करावी. वरचा पानांचा, मऊ, पचायला सोपा भाग जनावरांना जातो. खालचा जाड, कडक भाग आणि मुळे शेतात राहतात. हा खालचा भाग जनावरे तसाही गव्हाणीत टाकून देतात. मळणीनंतर उरलेली रिकामी कणसे एका कोपऱ्यात साचतात. ती चुलीसाठी ठेवावीत किंवा शेणखताच्या खड्ड्यात घालावीत. एका जागी पडलेला त्यांचा ढीग पुढे सगळ्या शेतात उठून दिसणारा पिवळा ठिपका तयार करतो.

जो चारा शेतातून गेला, त्याचे शेणखत त्याच शेतात परत यावे, एवढे तरी पाहावे. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र सुमारे ०.५ टक्का असते. म्हणजे दोन टनांत १० किलो, आणि त्यातील साधारण एक तृतीयांश पहिल्या हंगामात पिकाला मिळते.

धाटे पसरणे आणि मोजणे

उभी धाटे ट्रॅक्टरच्या मल्चरने किंवा श्रेडरने तोडता येतात. तुकडे बोटभर बारीक करण्याची गरज नाही. वीतभर लांबीचे तुकडे पेरणी यंत्राच्या फणात अडकत नाहीत, आणि ते फार बारीक नसल्याने उन्हाळ्यापर्यंत टिकतात. यंत्र नसेल तर कोयत्याने धाटे आडवी करून दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात लांबीच्या दिशेने घालावीत. तुकड्यांच्या बारीकपणापेक्षा त्यांचे समान पसरणे अधिक महत्त्वाचे आहे. जिथे मळणी यंत्र उभे होते, त्या जागेवर भुशाचा थर वीतभर जाड असतो आणि पन्नास पावलांवर जमीन उघडी असते. अशा शेतात खताची कोणतीही एकच मात्रा योग्य ठरत नाही. दोन माणसांनी दाताळे घेऊन अर्धा दिवस दिला, तर पुढचा सगळा हंगाम सोपा होतो.

किती जमीन झाकली आहे, हे डोळ्यांनी पाहताना अंदाज नेहमी जास्तीचा होतो. त्याऐवजी एक जाड दोरी घ्यावी आणि तिला वीत-वीत अंतरावर शंभर गाठी माराव्यात. ही दोरी ओळींना तिरकी, कोपऱ्यातून कोपऱ्याकडे जाईल अशी जमिनीवर ताणावी आणि गाठीच्या नेमक्या खाली धाटाचा तुकडा आहे की उघडी माती, हे प्रत्येक गाठीवर वाकून पाहावे. शंभरपैकी जितक्या गाठींखाली धाट, तितके टक्के जमीन झाकलेली. शेतात तीन ठिकाणी मोजून सरासरी काढावी. पेरणीच्या वेळी किमान ३० टक्के जमीन झाकलेली असावी, हा संवर्धित मशागतीचा जगभर मानलेला निकष आहे. आपल्याकडे ऑक्टोबरात ८० टक्के भरलेले शेत जूनपर्यंत ऊन, वारा, मोकाट जनावरे आणि उधई यांमुळे बरेच उघडे पडते, म्हणून हे मोजमाप दोनदा करावे. जूनचा आकडाच खताच्या नियोजनात धरावा.

नांगरायचे की नाही

दरवर्षी नांगरट झालीच पाहिजे, ही आपल्याकडे जवळजवळ श्रद्धेची गोष्ट आहे. ती मोडण्याआधी जमिनीला विचारावे. वाफसा असताना (माती ओली, पण चिखल नसलेली) शेतात दीड फूट खोल खड्डा घ्यावा, त्याची एक बाजू सरळ कापावी आणि त्या भिंतीत वरून खाली दोन-दोन बोटांवर चाकूचे टोक टोचत जावे. वरच्या थरात चाकू सहज जातो. सहा ते आठ इंचांवर एकदम अडला आणि त्याखाली पुन्हा सैल गेला, तर तो नांगरतळ आहे. वर्षानुवर्षे एकाच खोलीवर नांगर किंवा रोटाव्हेटर चालवून तो आपणच तयार केलेला असतो. त्याच खड्ड्यात मक्याचे जुने मूळ सापडले तर ते कोणत्या वाटेने गेले ते पाहावे: त्या थरापर्यंत सरळ उतरलेले आणि तिथे काटकोनात वळून आडवे पसरलेले मूळ दिसले, की आणखी पुराव्याची गरज राहत नाही.

असा थर असेल तर एप्रिल-मे महिन्यांत, जमीन कोरडी असताना, उताराला आडवा सबसॉयलर (माती न पलटता खोलवरचा कडक थर फोडणारे अवजार) एकदा चालवावा. ओल्या जमिनीत तो थर फुटत नाही, फक्त चिरला जातो. त्यानंतर माती पलटण्याची नांगरट थांबवावी. थर नसेल, तर भारी काळ्या जमिनीत नांगरटीची गरज आणखी कमी, कारण ही जमीन उन्हाळ्यात स्वतःच हातभर खोल भेगाळते आणि पहिल्या पावसात त्या भेगांतून वरची भुसभुशीत माती आत ओढून घेते. मुरमाड, हलक्या जमिनीत असे होत नाही. तिथे पावसाच्या माऱ्याने पापडी धरते आणि अंकुर अडतो. अशा जमिनीला धाटांच्या आच्छादनाचा फायदा सर्वांत आधी दिसतो.

रोटाव्हेटरबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ओल्या काळ्या मातीत तो चालवण्यासारखे दुसरे नुकसान नाही. वरची चार बोटे माती पिठासारखी दिसते, शेत सुंदर दिसते, पण त्या पिठाखाली पाती घासून गुळगुळीत झालेला तळ तयार होतो आणि पहिल्या जोराच्या पावसात पीठ पाण्याबरोबर बांधाकडे वाहते.

काही परिस्थितींत मात्र नांगरट टाळण्याचा आग्रह धरू नये. हरळी, कुंदा किंवा लव्हाळा माजलेल्या शेतात आच्छादनाने काही साधत नाही. आधी ते तण उन्हाळ्यात खणून काढावे लागते. खोडकिड्याचा मोठा प्रादुर्भाव झालेल्या शेतात अळ्या धसकटांत आणि धाटांत सुप्तावस्थेत राहतात. तिथे धाटे बारीक तोडावीत किंवा त्या वर्षी सरळ चाऱ्याला न्यावीत. पाणी साचणाऱ्या सपाट काळ्या शेतात नुसते नांगरणे सोडून उपयोग नाही. तिथे कायमस्वरूपी गादीवाफे हवेत. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी आधी भातासाठी विकसित केलेले आणि पुढे मका, कापूस यांसाठीही वापरले गेलेले सगुणा तंत्र याच तत्त्वावर उभे आहे: एकदा गादीवाफे तयार करायचे, नंतर न मोडता त्यांवरच टोकण करायची, आणि पिकाची मुळे जमिनीतच कुजू द्यायची. ज्यांना एकदम एवढा बदल नको, त्यांनी रुंद वरंबा सरी पद्धतीने पेरून त्याच सऱ्या दुसऱ्या वर्षी कायम ठेवाव्यात.

पेरणी

धाटे असलेल्या शेतात नेहमीची पाभर चालवली, तर दहा पावलांत फणापुढे धाटांचा भारा जमतो. शून्य मशागतीचे, पुढे चकती असलेले पेरणी यंत्र भाड्याने मिळत असेल तर उत्तमच. नसेल तर ओळीच्या जागेवरची वीतभर रुंदीची पट्टी दाताळ्याने मोकळी करावी आणि फक्त त्या पट्टीत टोकण करावी. ओळींमधली धाटे तशीच राहू द्यावीत. ही मोकळी पट्टी पेरणीच्या सोयीपुरती नाही. तिच्यामुळे रोपाची पहिली मुळे कुजणाऱ्या धाटांपासून थोडी दूर राहतात आणि नत्रासाठीची ओढाताण सुरुवातीलाच टळते.

दोन ओळींत ६० सेंटिमीटर आणि दोन रोपांत २० सेंटिमीटर अंतर ठेवले, तर एकरी ३३ हजारांवर रोपे बसतात. उशिरा येणाऱ्या, दाट पानांच्या संकरित वाणांसाठी ओळींतील अंतर ७५ सेंटिमीटर ठेवावे. बियाणे दीड ते दोन इंच खोल, ओल्या मातीत पडावे. धाटांच्या थरावर पडलेले बी उगवते, पण त्याचे मूळ मातीत पोहोचण्याआधी वाळते, म्हणून टोकण करणाऱ्यांना पहिल्या दोन ओळी स्वतः बसून दाखवाव्यात.

नत्र: किती, केव्हा आणि कुठे

महाराष्ट्रात संकरित मक्यासाठी हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश अशी शिफारस आहे. एकरी ती ४८, २४ आणि १६ किलो होते. माती परीक्षणात उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोच्या खाली असेल तर जमीन नत्रात कमी समजली जाते. अशा जमिनीत नत्राची मात्रा सुमारे पाव हिश्शाने वाढवली जाते. जस्ताची कमतरता असलेल्या शेतात एकरी ८ ते १० किलो झिंक सल्फेट पेरणीच्या वेळी द्यावे, मात्र ते डीएपीमध्ये (नत्र आणि स्फुरद दोन्ही असलेल्या खतात) मिसळून देऊ नये.

नेहमीच्या पद्धतीत नत्राचे तीन समान हप्ते केले जातात. धाटे ठेवलेल्या शेतात पहिली दोन-तीन वर्षे मी एकूण मात्रा तीच ठेवतो, पण तिचा कल पुढच्या हप्त्यांकडून मागच्या, म्हणजे पेरणीच्या बाजूला झुकवतो. एकरी हिशोब असा बसतो. पेरणीच्या वेळी डीएपीची ५० किलोची एक गोणी, तिच्यातून ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. सोबत २० किलो युरिया, त्यातून ९ किलो नत्र. आणि २७ किलो म्युरेट ऑफ पोटॅश. पेरणीनंतर २५ ते २८ दिवसांनी, मका गुडघ्याला लागला की ३५ किलो युरिया, म्हणजे १६ किलो नत्र. तुरा बाहेर येण्याच्या आधी, ४० ते ४५ दिवसांच्या दरम्यान ३० किलो युरिया, म्हणजे १४ किलो नत्र. युरियाची बेरीज ८५ किलो, म्हणजे ४५ किलोच्या दोन गोण्यांना पाच किलो कमी.

या वेळा मक्याच्या भुकेवरून ठरलेल्या आहेत. गुडघ्याएवढा होईपर्यंत मका त्याच्या एकूण गरजेच्या दहाव्या हिश्शाइतकेही नत्र उचलत नाही. तिथून तुरा येईपर्यंतच्या तीन-साडेतीन आठवड्यांत तो अक्षरशः ओढून घेतो, आणि कणसाला रेशीम फुटेपर्यंत निम्म्याहून बरेच अधिक नत्र त्याच्या शरीरात गेलेले असते. मग पेरणीच्या वेळी १६ ऐवजी १८ किलो का, असा प्रश्न पडेल. तो हिस्सा जिवाणूंच्या वाट्याचा समजावा. मोकळ्या पट्टीत, मातीच्या आत दिल्यामुळे त्यातला बराचसा रोपाला मिळतो. जूनमध्ये दोरीच्या ६० पेक्षा जास्त गाठींखाली धाट सापडले, तर पेरणीच्या हप्त्यात आणखी १० किलो युरिया वाढवावा.

आता कुठे, हा मुद्दा. माझ्या शेतात धाटे ठेवली त्या पहिल्या जुलैत पावसाने उघडीप दिली होती, आणि पाऊस येईल या भरवशावर मी गुडघ्याएवढ्या मक्यात धाटांवरूनच युरिया फेकून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाने ओल्या झालेल्या धाटांवरचे दाणे विरघळलेले दिसले, आणि वाकून पाहिले तर गोठ्यात येतो तसा उग्र वास नाकात भरला. तो वास म्हणजे माझा युरिया होता. पाऊस आठव्या दिवशी आला. पंधरा दिवसांनी शेतात खत दिल्याची कसलीही खूण नव्हती. कुजणाऱ्या धाटांवर युरिएज नावाचे विकर भरपूर असते. ते युरियाचे अमोनियात रूपांतर करते, आणि आपल्या विम्लधर्मी काळ्या जमिनीत, उष्ण हवेत, तो अमोनिया मातीत न मुरता सरळ उडून जातो. सगळ्या युरियावर आता कडुनिंबाचे आवरण असते, पण ते अमोनियाचे नायट्रेट होण्याचा पुढचा टप्पा लांबवते. ही वाफ ते थांबवू शकत नाही.

म्हणून युरिया धाटांच्या खाली, मातीत गेला पाहिजे. पेरणीच्या वेळी दोन चाड्यांची पाभर असेल तर खत बियाण्याच्या बाजूला दोन इंच आणि खाली दोन इंच पडेल असे फण लावावेत. युरिया बियाण्याला चिकटून पडला तर कोवळे मूळ जळते. वरच्या हप्त्यांसाठी ओळीपासून चार बोटांवर खुरप्याने किंवा बैलाच्या कोळप्याने उथळ चर काढावा, युरिया त्यात सोडावा आणि पायाने माती ओढावी. मजूर मिळत नसेल तर निदान दोन गोष्टी सांभाळाव्यात: युरिया धाटांच्या पट्ट्यावर न टाकता मोकळ्या पट्टीत टाकावा, आणि दिवसभरात १२ ते १५ मिलिमीटर पाऊस नक्की येणार असेल किंवा तितके पाणी तुषार सिंचनाने देता येणार असेल तेव्हाच टाकावा. ठिबक असलेल्यांनी युरिया ठिबकातूनच, चार-पाच छोट्या हप्त्यांत द्यावा. धाटे ठेवणाऱ्या शेतकऱ्यासाठी यासारखी सोय नाही.

उलट बाजूचाही धोका आहे. भारी काळ्या जमिनीत आच्छादनाखाली ओल जास्त टिकते. सलग पाऊस होऊन पाणी साचले, तर हवा नसलेल्या मातीतील जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नत्र वायू होऊन निघून जाते. त्यातील काही भाग नायट्रस ऑक्साइडच्या रूपात जातो, ज्याची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे २७० पट आहे. त्यामुळे ढग दाटलेले असताना, पाणी निचरण्याआधी युरिया देऊ नये. वाफसा येण्याची वाट पाहावी. हलक्या मुरमाड जमिनीत नत्र मुळांच्या खाली झिरपते. तिथे तीनाऐवजी चार हप्ते करावेत.

पिकाला विचारणे

कोणताही तक्ता शेतापेक्षा शहाणा नसतो, म्हणून एक सोपी तजवीज करावी. पेरणीनंतर शेताच्या मधोमध दहा-बारा ओळींच्या रुंदीची, वीस पावले लांबीची एक पट्टी निवडावी आणि तिला ठरलेल्या नत्राच्या दीडपट नत्र द्यावे. ही तुलनेची पट्टी. तिसऱ्या आठवड्यापासून दर आठ-दहा दिवसांनी सकाळच्या सावलीत तिच्यातली पाने आणि बाकी शेतातली पाने शेजारी धरून पाहावीत. रंगात फरक नसेल तर शेताला नत्र पुरते आहे. फरक दिसू लागला, तर पुढचा हप्ता चार-पाच दिवस आधी द्यावा. पानांच्या रंगाचा तक्ता मिळत असेल तर तोही वापरावा. मात्र तुलनेच्या पट्टीत वाण, जमीन आणि हवामान हे सगळे तुमचेच असते.

पिवळेपणाचा प्रत्येक प्रकार नत्राचा नसतो. नत्र कमी पडले की खालचे, जुने पान टोकापासून मधल्या शिरेवरून आत पिवळे होत जाते आणि कडा काही काळ हिरव्या राहतात. पालाश कमी असेल तर नेमके उलटे, खालच्या पानांच्या कडा करपतात. जस्ताच्या कमतरतेत वरच्या नव्या पानांवर, शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढुरके पट्टे दिसतात. तिसऱ्या आठवड्यात जस्ताचे पट्टे पाहून युरिया टाकणारे शेतकरी मी पाहिले आहेत; पीक हिरवे होत नाही, आणि दोष मात्र धाटांच्या माथी जातो.

तण आणि अळी

आच्छादनामुळे बी पासून येणारी तणे कमी होतात, पण पहिल्या वर्षी मोकळ्या पट्टीत ती दाट उगवतात. ॲट्राझिन या तणनाशकाची उगवणीपूर्व फवारणी करायची असेल तर जमिनीत ओल हवी आणि पाणी भरपूर वापरावे, कारण औषधाचा काही भाग धाटेच शोषून घेतात. त्या कारणाने औषधाची मात्रा वाढवू नये. मक्यात तूर, उडीद किंवा सोयाबीन आंतरपीक असेल तर ॲट्राझिन वापरूच नये.

अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली आणि लवकरच आपल्याकडे आली. तिचे कोष जमिनीत वरच्या काही बोटांतच असतात, आणि नांगरटीने ते उघडे पडून पक्ष्यांच्या तोंडी जातात. नांगरट सोडली तर हा फायदा जातो, हे मान्य करावे लागते. त्याची भरपाई पाहणीने करावी. उगवणीनंतर दहाव्या दिवसापासून आठवड्यातून दोनदा पाच ठिकाणी वीस-वीस झाडांचे पोंगे (शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पाने) तपासावेत, एकरी चार-पाच कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) लावावेत, आणि शंभरपैकी दहा पोंग्यांत ताजी विष्ठा किंवा खरवडलेली पाने दिसताच उपाय सुरू करावा.

धाटांत रब्बी

कणसे खुडल्यावर पुढे काय पेरायचे, यावरही धाटांचा निकाल ठरतो. गहू पेरणार असाल तर त्याला नत्राची टंचाई जाणवते, म्हणून पेरणीचा नत्राचा हप्ता पूर्ण आणि मातीच्या आतच द्यावा. कांद्याच्या वाफ्यात धाटांचे तुकडे अडचणीचे होतात. तिथे धाटे बाजूला काढून खड्ड्यात कुजवणे आणि पुढच्या वर्षी खत म्हणून परत आणणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

हरभरा मात्र या व्यवस्थेत जणू हक्काने बसतो. मक्याच्या दोन ओळींच्या मधल्या जागेत, धसकटे न उपटता, कापणीनंतर दोन-तीन दिवसांतच, ओल हातात असताना तो पेरावा. बियाण्याला रायझोबियम जिवाणू संवर्धक लावावे आणि एकरी ४५ ते ५० किलो डीएपी बियाण्याखाली द्यावे. धाटे कुजवणाऱ्या जिवाणूंनी जमिनीतले नत्र उचलले तरी हरभरा आपल्या गाठींतून हवेतले नत्र घेतो. त्यामुळे ज्या ओढाताणीत गहू पिवळा पडतो, तिथे हरभरा हिरवा राहतो. पेरणीनंतर चाळीसाव्या दिवशी एखादे रोप मातीसह हलक्या हाताने उचलावे, मुळावरच्या गाठी नखाने फोडून पाहाव्यात. आतून गुलाबी-लालसर असतील तर त्या काम करत आहेत. पांढऱ्या किंवा हिरवट असतील तर पुढच्या वर्षी बियाण्याला संवर्धक अधिक काळजीने, सावलीत लावावे.

हरभरा निघाल्यावर, मे महिन्यात, मक्याचे जुने धसकट हाताने ओढून पाहावे. ते मुठीत चुरले आणि मुळांच्या जागी मातीत पोकळ नळ्या राहिल्या असतील, तर त्या शेतातली धाटे नत्र धरून ठेवण्याचा टप्पा ओलांडून गेली आहेत, आणि जूनमध्ये पेरणीच्या हप्त्यातला जास्तीचा युरिया कमी करायला हरकत नाही. धसकट अजून चिवट असेल आणि उपटताना मातीचे ढेकूळ घेऊन आले, तर मात्र तो हप्ता पूर्ण द्यावा आणि दोरी पुन्हा एकदा ताणून गाठी मोजाव्यात.